मिठागरात उतरलेली तबकडी

“ठाण्याला चाललोय” असं पुण्यात मोठ्याने सांगू नये. मी सांगितलं, आणि आमच्या शेजारचे आपटे गालावर दाढीचा फेस तसाच ठेवून कठड्याशी आले. “अखेर नेतायत का, लेले? बरं झालं. वहिनी बिचाऱ्या किती दिवस सोसणार?” ठाण्याच्या वेड्यांच्या इस्पितळाची कीर्ती पुण्यापर्यंत पोचलेली, त्याला माझा काय इलाज! पण मी आणखी एक चूक केली. कशासाठी चाललो तेही सांगून टाकलं. “लष्कराबरोबर चाललोय. उडत्या तबकड्यांची चौकशी करायला.” आपटे एकदम गंभीर झाले. म्हणाले, “स्वेटर घेतलाय ना?” त्यानंतर निघेपर्यंत आळीतले सगळे माझ्याशी हळू आवाजात, समजुतीने बोलत होते.

आता मी परत आलो आहे आणि पुरता शुद्धीवर आहे. काश्मीर-महाबळेश्वरची वर्णनं लोक लिहितात, आपण वाचतो. ठाणे-कल्याण-डोंबिवली बघायला म्हणून कोणी जात नाही. मीही गेलो नसतो. पण त्या वर्षी वर्तमानपत्रांत उडत्या तबकड्यांचा नुसता सुळसुळाट झाला होता. अमेरिकेत दिसली, विलायतेत दिसली. मग आपल्याकडे का दिसू नये? पत्रांवर पत्रं यायला लागली. परक्या देशाचं काही विमान-बिमान फिरत नाही ना, एवढी खात्री करून घेणं लष्कराला भाग होतं. त्यांना आभाळातलं कळणारा एक माणूस हवा होता. मी हवामान खात्यात सतरा वर्षं ढग मोजतो आहे. साहेबांनी माझं नाव सुचवलं, बहुधा पंधरा दिवस कचेरीत शांतता नांदावी म्हणून.

ठाणे

माझ्याबरोबर होते कॅप्टन निंबाळकर. साताऱ्याकडचा गडी, मिशा अशा की आधी त्या खोलीत येत आणि मग कॅप्टन. जीप स्वतः हाकायचे. पुण्याहून ठाण्यापर्यंतचा रस्ता मी सांगत बसत नाही. माझ्या कण्याला तो पाठ आहे तेवढं पुरे. घाट उतरताना मी “जरा हळू” म्हणालो, तर कॅप्टन म्हणाले, “लेले, घाबरू नका. मला रस्ता दिसतोय.” मला दरी दिसत होती.

ठाणं मला बेहद्द आवडलं. गावात तळी काय, कौलारू घरं काय, आणि जिकडे जावं तिकडे नारळाची नाहीतर आंब्याची सावली! हवा मात्र दमट. आपल्याकडे पापड चार दिवस उघडा राहिला तरी कुरकुरीत. इथे संध्याकाळी बाहेर राहिलेला पापड सकाळी पोळीसारखा गुंडाळता येतो. माझ्या मुक्कामाच्या खोलीत निम्मी काडेपेटी फुकट गेली तेव्हा कुठे एक काडी पेटली, आणि ती मी आनंदाच्या भरात फुंकून टाकली.

चहा घेता घेता कॅप्टननी फाइल उघडली. तीन तक्रारी होत्या. एक कल्याणच्या वकिलांची, एक डोंबिवलीच्या हेडमास्तरांची, आणि तिसरी कोलशेतच्या एका मिठागर कामगाराची. पहिल्या दोघांनी आकाशात काहीतरी बघितलं होतं. तिसऱ्याने मात्र आभाळातून ताटाएवढी चकचकीत वस्तू खाली येताना आणि आपल्या पायाशी मिठाच्या वाफ्यात पडताना बघितली होती. लष्कराला झोप नव्हती ती या तिसऱ्यामुळे. दहा जवान येऊन खाडीकाठचा चिखल उपसून गेले होते. एक जुना नांगर आणि फुटका डबा यापलीकडे काही हाती लागलं नव्हतं.

“आणि हे बघा,” कॅप्टन म्हणाले, “पुण्याहून आलेलं पत्र. त्या संध्याकाळी मुंबईहून सोडलेला हवामानाचा फुगा ठाण्याच्या बाजूला गेला होता खरा. पण पुढे काय लिहिलंय? ‘फुगा नियमाने वर जातो. वरून खाली येणारी वस्तू फुगा असू शकत नाही. तरी वर्णन अविश्वसनीय समजावे.’ वा! काय ठणठणीत भाषा आहे. सही वाचता येत नाही.”

सही माझी होती. ते पत्र मी दोन महिन्यांपूर्वी जेवणाच्या सुट्टीआधी पाच मिनिटांत लिहिलं होतं आणि स्वतःवर खूष होऊन डबा उघडला होता. “चांगलं लिहिलंय,” एवढंच मी म्हणालो.

संध्याकाळी बाजारात भजी खायला गेलो. हॉटेलवाला बोलका होता. कोलशेतला जायचंय म्हटल्यावर झारा हातात धरूनच तो हसायला लागला. “नामा भोईरकडे? तबकडीवाल्याकडे? अहो, त्याच्या पोरीचं लग्न मोडायला आलंय त्या तबकडीपायी! दिव्याकडच्या पाटलाच्या मुलाशी ठरत होतं, साखरपुडा तेवढा राहिला होता. पाटील म्हणतो, दारूबंदीच्या दिवसांत ज्याला आभाळातून ताट उतरताना दिसतं, त्याच्या घशातून काय उतरलं होतं ते मला सांगायला नको.”

“पितो का तो?” कॅप्टननी विचारलं.

“पूर्वी ताडी घ्यायचा. तीन वर्षं झाली, देवीची शपथ घेऊन सोडली म्हणतात. आता कोण विश्वास ठेवणार? लष्करानेच सांगितलं की काही पडलं नाही. पुण्याच्या कुणा मोठ्या साहेबाने तसं लिहूनच दिलंय म्हणे.”

माझ्या हातातलं भजं हातातच राहिलं. खरं सांगतो, इतकं खजील मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. कॅप्टन माझ्याकडे बघत होते. “लेले,” ते हळूच म्हणाले, “ती सही ‘लेले’ अशी वाचता येते का हो?” मी मान हलवली. त्यांनी माझ्या पाठीवर जी थाप मारली तिने घाटातल्या सगळ्या धक्क्यांची आठवण झाली.

कल्याण, आणि वाटेत डोंबिवली

कॅप्टनचा नियम असा की सोप्या गाठी आधी सोडवायच्या. म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही कल्याणला गेलो. कल्याण म्हणजे जुनी पेठ. अरुंद गल्ल्यांतून तांदळाच्या गोणी, गुळाच्या ढेपी, हमालांच्या आरोळ्या, आणि या सगळ्यावर दर पाच मिनिटांनी कुठल्या ना कुठल्या गाडीची शिट्टी. तिथली माणसं शिट्टी झाली की वाक्य अर्ध्यात थांबवतात आणि गाडी गेली की त्याच शब्दापासून पुढे बोलतात. पाहुण्याला आधी समजतच नाही.

वकीलसाहेब निवृत्त होते, पण अंगातला कोट निवृत्त झाला नव्हता. त्यांनी लष्कराला अकरा पत्रं लिहिली होती, सगळी इंग्रजीत. तीन आठवडे रोज संध्याकाळी पश्चिमेला एक तेजस्वी यान येतं, तासदीड तास टेहळणी करतं आणि रेल्वेच्या सिग्नलमागे उतरतं! मला घोटभर चहातच उलगडा झाला होता. पण वयाने मोठ्या, कोट घातलेल्या माणसाला तोंडावर कसं सांगायचं? संध्याकाळपर्यंत थांबा म्हणाले, थांबलो. मधल्या वेळात काकूंनी जे वालाचं बिरडं वाढलं, त्याच्यासाठी मी शत्रूची दहा विमानं मोजायला तयार होतो. आपल्याकडे पाहुण्याला “जेवणार का?” विचारतात. इथे “भात आधी की भाकरी?” एवढाच प्रश्न.

दिवेलागणीला आम्ही गच्चीवर उभे. “आलं!” वकीलसाहेब ओरडले. काकू तुळशीला दिवा लावायला आल्या होत्या. त्यांनी वर बघून हात जोडले. “अहो, शुक्राची चांदणी ती. रोज सांगतेय मी. पण बायकोची साक्ष यांच्या कोर्टात कधी ग्राह्य धरलीय?”

वकीलसाहेबांनी कोटाची बटणं लावली. मग म्हणाले, “म्हणजे मी तीन आठवडे शुक्राविरुद्ध फिर्याद करत होतो?” आणि असे खदखदून हसले की खालच्या मजल्यावरचे भाडेकरू वर आले.

दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवरची डोंबिवली त्याहून लवकर उरकली. तिथे भातखाचरांच्या कडेला एक टुमदार शाळा आहे. भर दुपारी सगळ्या वर्गाने चंदेरी तबकडी बघितली आणि हेडमास्तरांनी प्रत्येकाकडून तिचं चित्र काढून घेतलं होतं. चित्रं बघत बघत कॅप्टन एका चित्राशी थांबले. एका मुलीने तबकडीला लांबलचक शेपूट काढलं होतं. मास्तरांनी तिला भोपळा दिला होता. तबकडीला शेपूट नसतं म्हणून! कॅप्टन शाळेमागच्या चिंचेखाली गेले, मान वर केली आणि ओरडले, “मास्तर, त्या पोरीला पैकीच्या पैकी द्या!” चिंचेच्या शेंड्याला संक्रांतीचा चांदीच्या कागदाचा भलाथोरला पतंग शेपटासकट लटकत होता. मास्तर भले गृहस्थ. त्यांनी तिथल्या तिथे मुलीला बोलावून सगळ्या वर्गासमोर कबूल केलं की चूक माझी. ती ऐटीत जागेवर जाऊन बसली. मी मात्र तिच्याकडे बघत राहिलो. माझ्यासमोर उद्याचं कोलशेत होतं.

कोलशेत

ठाण्याच्या उत्तरेला खाडीच्या कडेने जावं तर रस्ता हळूहळू पायवाट होतो आणि पायवाट बांध होते. दोन्ही हाताला चौकोनी वाफे, त्यांत वीतभर खारं पाणी, आणि मधूनमधून पांढऱ्याशुभ्र मिठाच्या राशी. दुपारच्या उन्हात तिकडे डोळा ठरत नाही. मी आयुष्यभर चिमटीने मीठ खाल्लं. त्यासाठी माणसं अशी भाजून निघत असतील हे कधी मनातही आलं नाही. कॅप्टननी जीप बांधावर घालून बघितली. जीप बांधावर राहिली नाही. तिला बाहेर ओढायला जी आठ माणसं धावून आली, त्यांत सगळ्यांत पुढे एक काटक, करड्या केसांचा माणूस होता. जीप वर आल्यावर तो म्हणाला, “मीच नामा. तुमी माजेसाठीच आलाव ना?”

नामा भोईर माझ्याच वयाचा असेल, दिसायला दहा वर्षांनी मोठा. त्याने आम्हाला झोपडीच्या सावलीत बसवलं आणि काही विचारायच्या आत स्वतःच बोलायला लागला.

“सायेब, मी पेलो नव्हतो. एकवीरा आयची आन घेतलीय तीन वर्सा झाली. मना दिसला तसा सांगला. एक अक्षर जास्त नाय.”

“कसा दिसला ते पुन्हा सांगा, नामादा,” मी म्हणालो.

“सांजची येल. मी एकलाच मीठ ओढत व्हतो, बाकीचे लग्नाला गेलते. तिकरं लांबशी आला.” त्याने पश्चिमेला हात केला. मग तो हात हळूहळू जमिनीवरून स्वतःच्या पायापर्यंत आणला. “असा आला. पांढरा, थरथरता, ताटासारा. मंग माजे पायाशी येवून एकदम इजला. मी तितंच उकरला. रातभर उकरला. आख्खा वाफा फुकट घालवला. काय नाय गावला.”

मी उलटसुलट वीस प्रश्न विचारले. गडी केसभर हलला नाही. खोटं बोलणारा माणूस दुसऱ्यांदा सांगताना काहीतरी सजवतो. याचं पुन्हा पुन्हा तेच: लांबून आला, पायाशी आला, विझला. कॅप्टन बाजूला येऊन म्हणाले, “मी पुष्कळ लबाड जवान बघितलेत, लेले. हा लबाड नाही. पण मग चिखलात काहीतरी सापडायला नको?”

जेवायला तांदळाच्या भाकऱ्या आल्या, मऊ, रुमालासारख्या. बरोबर एक लालभडक चटणी. तिला अशी काही चव होती की मी दोनदा मागून घेतली. तिसऱ्यांदा मागताना विचारलं, “कसली हो?” नामाची बायको धर्मी संकोचून म्हणाली, “सुकटीची.” सुकट म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी. आता आम्ही लेले. आमच्याकडे कांदासुद्धा चातुर्मासात घरात येत नाही. हात थांबायला हवा होता. थांबला नाही. हे पान आमच्या घरात फाडूनच ठेवावं लागणार आहे.

वाढायला नामाची मुलगी चांगुणा होती. एकोणीस-वीस वर्षांची, धिटुकली असावी, पण त्या दिवशी तोंड मिटून होती. जेवणं झाल्यावर ती बांधावर जाऊन कामाला लागली. लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने वाफ्यातलं मीठ कडेला ओढायचं, कंबरेत वाकून, सगळा दिवस. मला तिच्याशी काय बोलावं कळेना. बापाच्या बदनामीला आणि तिच्या मोडत्या लग्नाला कारण मी, आणि तिच्याच हातच्या तीन भाकऱ्या खाऊन उभा! काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, “काय गं चांगुणा, मी हवामान खात्यातला. पण तूच सांग, आज ढग येतील का?”

तिने फावडं थांबवलं. वाफ्यातल्या पाण्यात जरा वेळ बघितलं आणि म्हणाली, “नाय. उद्या पन नाय.”

“अगं, वर न बघता सांगतेस?”

“वर कनाला बगायचा?” तिला माझाच प्रश्न खुळचट वाटला. “पान्यान दिसतंय ना आभाल.”

मी पाण्यात बघितलं, वर बघितलं, पुन्हा पाण्यात बघितलं. मग धावत सुटलो. पुण्याचा चाळीस वर्षांचा माणूस धोतराचा सोगा हातात धरून मिठागराच्या बांधावरून धावतो आहे, हे दृश्य कोलशेतकर अजून विसरले नसतील. “नामादा! नामादा, तुम्ही तबकडी कुठे बघितलीत? आभाळात की पाण्यात?”

नामा गोंधळला. “पान्यातच की. दुसरी कुठं?”

“मग आधी का नाही सांगितलंत?”

“तुमी इचारलाच नाय! आमी सगलं पान्यातच बगताव. दिसभर या पांढऱ्या मिठावर डोलं दिपतात, वर बगला का पानी येतं डोल्यान. माजा बाप सांगायचा, मीठ ओढताना मान वर नाय करायची, ढग, पाखरू, काय पन पान्यान बगायचा.”

कॅप्टनना काही उमगेना. मी त्यांना वाफ्याच्या कडेला उभं केलं आणि लांबच्या घारीकडे बोट दाखवलं. घार आभाळात चढत चढत आमच्या डोक्यावर येत होती. “आता खाली बघा.” पाण्यातली घार पलीकडच्या बांधाकडून सरकत सरकत कॅप्टनच्या बुटांशी येत होती. आभाळात जी वस्तू वर चढत डोक्यावर येते, ती पाण्यात बघणाऱ्याच्या पायाशी येते! नामाने “खाली आला” म्हटलं ते तंतोतंत खरं होतं. फुगा वर जात होता हेही तंतोतंत खरं होतं. खोटं कोणीच बोलत नव्हतं, फक्त मी पुण्यात बसून अक्कल पाजळत होतो.

“आणि ताटाएवढा?” कॅप्टननी विचारलं.

मी वाऱ्यावर थरथरणाऱ्या पाण्याकडे बोट दाखवलं. आभाळातला एक चमकता ठिपका त्यात सांडून थाळीएवढा होतो. खाली सूर्य मावळलेला, पण तीन-चार कोस उंच गेलेल्या फुग्यावर अजून ऊन असतं. म्हणून तो चांदीसारखा झळकतो. मग रबर ताणून फुटतं आणि दिवा विझतो.

कॅप्टननी मिशीला पीळ दिला. “शाबास लेले! लिहा अहवाल, चला पुण्याला.”

“अहवाल दिव्याचे पाटील वाचणार आहेत का?” मी म्हणालो. “या माणसाची अब्रू कागदावर गेली खरी, पण कागदावर परत येणार नाही. पाटलांना स्वतःला दिसायला हवं.”

पुन्हा कोलशेत

इथे खरी पंचाईत होती. मुंबईचा फुगा रोज सुटतो, पण त्या दिवसांत वरचा वारा बहुधा वायव्येचा. फुगा पनवेलकडे निघून जातो. ठाण्यावर यायचा तर वारा पश्चिमेचा हवा. आणि पाटलांनी निरोप पाठवला तो असा, “एक सांज येतो. एकच. नाय दिसला तर पोरीचं नाव परत काढायचं नाय.”

म्हणजे हवामानवाल्याने भविष्य सांगायची पाळी आली. पुणेकरांनो, हसा. आमच्या अंदाजावर छत्र्यांची दुकानं चालतात ते मला ठाऊक आहे. दोन दिवस मी मुंबईहून तारेने आकडे मागवले, ढगांच्या केसांसारख्या रेघा कुठे वळतात ते बघितलं, रात्री झोपेत बडबडलो असं कॅप्टन सांगतात. शेवटी म्हणालो, “शुक्रवार.”  शुक्रवारी दुपारपर्यंत खाली वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती.  धर्मीने देवीला नारळ ठेवला होता, आणि माझ्याकडे ती ज्या विश्वासाने बघत होती त्याने मला जास्तच घाम फुटला.

पाटील आले ते बायको, मुलगा आणि चार भाऊबंद घेऊन. हा भातशेतीवाला भरदार माणूस, पांढरा सदरा, चालताना बांध दबत होता. बसायला सांगितलं तर बसले नाहीत. “आमी त्या सांजला शेतान व्हतो,” ते म्हणाले. “आमचं डोलं फुटलेलं नाय. अवरा ताट आभालातशी परला न आमाला दिसला नाय?”

“आज दिसेल,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला.

सूर्य खाडीपलीकडे बुडाला. कॅप्टन दुर्बीण लावून पश्चिमेकडे उभे. मी पाटलांना विनंती केली की तुम्हाला नामाच्या जागी उभं राहून, फावडं हातात घेऊन, वाकून पाण्यात बघावं लागेल. भाऊबंद हसले. पाटलांनी सदरा सावरला आणि कुरकुरत वाकले. त्यांना एकट्याला वाकवणं बरं दिसेना म्हणून शेजारच्या वाफ्यावर मीही वाकलो. पाच मिनिटं गेली. दहा गेली. माझी कंबर धरली. पाण्यात नुसतं रिकामं, जांभळं आभाळ. पाटील म्हणाले, “झाला तुमचा खेल?” नामाने डोळे मिटून घेतलेले मला दिसले.

“लेले!” कॅप्टन गरजले. “आला!”

पलीकडच्या बांधाशी, पाण्याच्या अगदी कडेला, एक पांढरा थेंब थरथरत होता. तो पुढे सरकला. फुलला. पसरून वाटी झाला, मग थाळी झाला. हळूहळू, पण न थांबता, तो आमच्याकडे येत होता. मी सतरा वर्षं फुगे सोडतो आहे, हा फुगाच आहे हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी माझ्या अंगावर काटा आला! पाटलांचा श्वास मला ऐकू येत होता. थाळी वाफ्याच्या मध्यावर आली. आमच्या पावलांपासून चार हात. तीन हात. दोन.

“आय माजे!” पाटील किंचाळले आणि त्या भरदार देहाने जी बाजूला उडी मारली ती थेट खालच्या खाजणाच्या चिखलात, गुडघाभर. वर कॅप्टन दुर्बिणीतून सांगत होते, “डोक्यावर आला… आला… फुटला!” पाण्यातली थाळी विझली.

 मग पाटलांच्या बायकोने पदर तोंडाला लावला, आणि ती हसली म्हटल्यावर सगळं मिठागर हसलं. नवरामुलगा बांधावर बसून पोट धरून हसत होता. हसला नाही तो एकटा नामा. तो चिखलापर्यंत गेला, पाटलांना हात दिला आणि विचारलं, “दिसला?”

“दिसला रं,” पाटील धापा टाकत म्हणाले. “अंगावर आला माजे.”

नामा तिथेच मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. “दोन म्हयने,” तो म्हणत होता, “दोन म्हयने झाले सायेब, ‘दिसला’ असा कुनी बोलला नाय.”

मला राहवेना. मी त्याच्यासमोर हात जोडले. “नामादा, पुण्याचं ते पत्र माझं होतं. तुमच्यावर बालंट आलं ते माझ्यामुळे. मला माफ करा.”

त्याने डोळे पुसले. माझ्या चिखलाने बरबटलेल्या धोतराकडे, अजून न सरळ झालेल्या कमरेकडे बघितलं. “तवा तुमी कुठं वाकलं व्हतं मिठान,” तो म्हणाला. एवढंच. रागाचा शब्द नाही.

पाटील वर आले. गुडघ्यापर्यंत काळे, वरून पांढरे. “नामा, मी काय काय बोललो तुला, ते या चिखलान गेला. पोर आमची. आता, या घडीला. साखर आना कुनीतरी!”

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मिठागरावर साखर कुठली? धर्मी गावात धावायला निघाली, तर पाटलांनी तिला अडवलं. बाजूच्या राशीतलं चिमूटभर ओलं मीठ उचललं आणि चांगुणापुढे धरलं.

“घे पोरी. साखर खाल्लेली लोक इसरतान. मीठ खाल्लेला मानूस इसरत नाय. तुझे बापाचे मिठाला आमी जागू.”

चांगुणाने हात पुढे केला. सगळ्यांदेखत ते मीठ जिभेवर ठेवलं, तोंड वेडंवाकडं केलं, आणि चार दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने हसली.